नव्वदच्या खाली

२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन का नाही केला म्हणशील, तर आमच्याकडे फोन म्हणजे चार कानांचा कारभार. उत्तर मात्र लॅबच्या पत्त्यावर पाठव. घरच्या पत्रपेटीचं कुलूप बिघडलंय.

तर आम्ही गाडी घेतली. तुझ्यासारखीच छोटी हायब्रिड, अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर. पण तुझी ती हिरवी बेडकी नव्हे. दुसऱ्या कंपनीची, पांढरी. तुझ्या शेजारच्या नर्सबाईंकडे आहे ना, अगदी तीच. यांनी महिनाभर वाचन करून, तक्ते काढून निवडली. गणिताचे मास्तर म्हटल्यावर गाडीही उदाहरण सोडवल्यासारखी घेतली जाणार.

रविवारी हे चालवतात. बाकीचे दिवस मी लॅबला नेते. लॅबमध्ये माझं तेच, मेणात दात बसवायचे, साचा ओतायचा, गुलाबी हिरडी घासून चकचकीत करायची. जगातले सगळे म्हातारे माझ्या दातांनी हसतात असं आमच्या मालकीणबाई म्हणतात.

आता कामाचं. ही गाडी बंद केली की पडद्यावर गुण येतात. शंभरापैकी. तुम्ही किती काटकसरीने चालवलीत, ब्रेक कसा दाबलात, वेग कसा वाढवलात, सगळ्याचे मिळून. मागच्या फेऱ्यांचेही साठवून ठेवते. हे शाळेतून आले की हातपाय धुण्याआधी जाऊन ते बघतात. मला नव्वद पाहिजेत म्हणतात. माझे सत्तर-बहात्तरच्या पुढे हलत नाहीत.

तू जन्मभर लोकांना गाडी शिकवलीस आणि या दोन्ही गाड्या चालवल्या आहेस. मला दोघींतला फरक नीट लिही, आणि गुण कसे वाढवायचे ते आधी लिही. तुझी बेडकी पण गुण देते का गं?

लवकर लिही.

तुझी ठमी


९ फेब्रुवारी

ठमे,

पाकीट दारातच उभ्या उभ्या फोडलं, आणि वाचल्यावर हसून हसून पोट दुखलं. लग्नाला नऊ वर्षं झालेली बाई, गाडीने नापास केलं म्हणून आत्याकडे शिकवणी लावते! तुझा बाप असता तर म्हणाला असता, माझ्या पोरीला कुठल्याही यंत्राने कमी गुण दिले तर ते यंत्र आधी तपासा.

आता ऐक. नर्सबाईंचा खांदा निखळला होता तेव्हा त्यांची पांढरी मी दोन महिने चालवली. मी तिला बाईसाहेब म्हणते. तिचं सगळं मऊ. सीट मऊ, ब्रेक मऊ, खड्ड्यात गेली तरी 'अय्या' म्हणण्यापलीकडे काही नाही. माझ्या बेडकीचा ब्रेक मात्र चावरा. नुसता पाय टेकवला की कपाळ काचेला. चढाला लागली की अशी रडते जणू तिला माहेरी जायचंय आणि कुणी सोडत नाहीये. बाईसाहेबांची डिकी म्हणजे नुसता दिखावा, खाली बॅटरी बसवलीय, दोन पिशव्या ठेवल्या की तिसरी मांडीवर. बेडकीत माझं अख्खं बिऱ्हाड मावतं. गावात बाईसाहेब पेट्रोल नुसतं हुंगते. पण मोठ्या रस्त्याला लागल्या की दोघी सारख्याच ढोसतात, तिथे जाहिरातीवर विश्वास ठेवू नकोस. आणि दोघींपैकी कुणालाही पंधरा दिवस उभी करून ठेवलीस तर ती छोटी बॅटरी मरते, मग आपल्याच गाडीचं दार आपल्याला उघडत नाही. तेव्हा रोज फिरव.

माझी बेडकी गुणबिण देत नाही. तिची हिंमत नाही.

आता शिकवणी. लाल दिवा लांबून दिसला की तिथेच पाय उचल. दिव्यापर्यंत ताणून नेऊन कचकन थांबायचं नाही. ब्रेक लवकर आणि हलका, म्हणजे तेवढा वेळ चाकंच बॅटरी भरत राहतात. निघताना पाय असा ठेव, जणू पेडलखाली कच्चं अंडं आहे. गाडी थंड असताना इंजिन आपणहून सुरू होतं, तेव्हा तिला मिनिटभर तिच्या गतीने जाऊ दे. पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे नाही, त्याच्याही पुढच्या गाडीकडे बघ. एवढंच. यात अक्कल लागत नाही, धीर लागतो, आणि तो तुझ्यापाशी गाडाभर आहे.

पंधरा दिवसांत नव्वद पार केले नाहीस तर आत्या म्हणून हाक मारू नकोस. मला मिशा आहेतच असं गल्ली म्हणते, मग काका म्हण.

आणि तुझ्या मास्तरांचे किती येतात ते लिहिलं नाहीस. पैज लावते, तुझ्याहून कमी. पुरुषमाणसं ब्रेक दाबत नाहीत, ब्रेकवर राग काढतात. तू त्यांना हरव. चांगली वीस गुणांनी हरव, आणि पडदा त्यांच्या नाकासमोर धर. मग मला कळव काय तोंड झालं ते.

आत्या


२४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

चौऱ्याण्णव! तुझी शिकवणी म्हणजे शिकवणी. अंड्याचं ऐकलं, पुढच्याच्या पुढच्या गाडीचं ऐकलं. पहिल्या आठवड्यात ऐंशी ओलांडले, मग शहाऐंशी, मग एकदम चौऱ्याण्णव. लॅबमध्ये मालकीणबाईंना सांगितलं तर त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

तू विचारलंस म्हणून सांगते, यांचे एकाहत्तर येतात.

तू म्हणालीस तसा पडदा नाकासमोर धरायची वेळ आली नाही. रविवारी हे चालवत होते, मी शेजारी. गाडी बंद केल्यावर दोघांचेही गुण आपोआप वरखाली दिसले.

बाकी सगळं ठीक. माझा समोरचा एक दात तुटला, वरचा. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार लागलं. वेंधळी आहेच मी. गंमत म्हणजे नवा दात मीच केला. रंग जुळवायला आरशासमोर बसले, बाजूच्या दाताला नमुने लावून बघत होते, तर मालकीणबाई म्हणाल्या, आजवरचं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. खरंच छान जमलाय, सांगितल्याशिवाय कळायचा नाही.

आता एक अडचण आहे. या पांढऱ्या गाडीत गुण बंद करता येतात का? नर्सबाईंना विचारशील का? आणि ते जमत नसेल तर दुसरं सांग. माझे नव्वदच्या वर हवेत, पण यांच्यापेक्षा जास्त नकोत. यांचे एकाहत्तरच येतात. मी किती वेळा आकडे मांडून बघितलं, हे बसत नाही. तू इतक्यांना शिकवलंस, तुला काही सुचतं का?

की सरळ तुझ्यासारखी गाडी घ्यायला लावू? तिच्या ब्रेकबद्दल काहीतरी चांगलं लिही ना. म्हणजे मला यांना दाखवता येईल.

ठमी


२८ फेब्रुवारी

ठमे,

कपाटाचं दार कपाळाला लागतं. खांद्याला लागतं. समोरचा एकच वरचा दात ते कधी पाडत नाही.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. मी बाई मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, हरव त्यांना, नाकासमोर धर. तू गंमत म्हणून विचारतेयस असं मला वाटलं. मला सांग, मी सांगितल्याप्रमाणे तू नीट गाडी चालवलीस म्हणून तुझा दात गेला का?

नव्वदच्या खाली गेलं तर त्या घरात काय होतं? आणि वर गेलं तर काय होतं? खरं लिही. मला बरं वाटावं म्हणून एक अक्षर लिहू नकोस.

गुण बंद करता येत नाहीत. नर्सबाईंना विचारलं.

आत्या


६ मार्च

आत्या,

तीन वेळा लिहिलं आणि लॅबच्या भट्टीत टाकलं. हे चौथं. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, समोर आठ कवळ्या वाळत आहेत.

नव्वदच्या खाली जितके गुण, तितक्या पट्ट्या. शाळेतली स्टीलची फूटपट्टी आहे, ती घरी आणलीय. मांडीवर, म्हणजे दिसत नाही. मोजायचं मीच, मोठ्याने. मध्ये आवाज अडकला किंवा आकडा चुकला की पुन्हा एकपासून. गाडी घेतल्यापासून गुण आहेत. त्याआधी हिशेब दुसऱ्या गोष्टींचा होता, भाजीत मीठ, दाराला कडी, फोनवर किती वेळ बोललीस. ते बरं होतं असं नाही, पण तेव्हा निदान काही वेळा तो विसरायचा. गाडी विसरत नाही.

तुझी काही चूक नाही. तुझ्या शिकवणीने मला चार दिवस पट्टी लागली नव्हती. मी अंड्यासारखी गाडी चालवत होते आणि गाणं म्हणत होते, खरंच. मग रविवार आला. त्याचे एकाहत्तर आणि वर माझे चौऱ्याण्णव. मी काही बोलले नाही गं. खिडकीबाहेर बघत होते. तो म्हणाला, "हसतेस?" मी म्हटलं, "नाही." त्याने माझा अंबाडा धरला आणि तोंड डॅशबोर्डवर आपटलं. दोनदा. मग खिशातून रुमाल काढून आधी डॅशबोर्ड पुसला.

नंतर मी मुद्दाम कमी आणायला गेले. नव्वदला अडकवायचे होते, अठ्ठ्याऐंशी आले. त्याला कळलं. म्हणाला, "माझी कीव करतेस?" ओट्याशी गळा धरला. या वेळी सोडला नाही. कान बंद झाले, डोळ्यांपुढे काळं आलं, पाय जमिनीवर आहेत की नाहीत कळेना. दाराची घंटा वाजली म्हणून सुटले, कुणीतरी चुकून आलं होतं. त्या माणसाला तोच घर शोधून देत होता, अगदी हसतमुखाने, आणि मी फरशीवर पडून श्वास शोधत होते.

मला वाटतं, आत्या, पुढच्या वेळी घंटा वाजणार नाही.

दोनदा घर सोडून गेले होते, तुला कधी सांगितलं नाही. दोन्ही वेळा त्याच्या शाळेतली माणसंच समजूत घालून परत घेऊन आली. सर म्हणजे देवमाणूस, पोरांना फुकट शिकवतात, तुझंच काहीतरी होत असेल.

माझं नाव ठमी ठेवलंस तेव्हा मी सगळ्यांना चावायचे म्हणे. ते दात कुठे गेले कोण जाणे.

ठमी


९ मार्च

ठमे,

मी शिव्या देत नाही असं नाही, पण आज सगळ्या संपल्या.

निघ. येत्या कुठल्याही कामाच्या दिवशी, सकाळी नेहमीच्या वेळी, नेहमीच्या कपड्यांत निघ आणि लॅबकडे वळूच नकोस. सरळ मोठ्या रस्त्याने माझ्याकडे ये. पिशवी घेऊ नकोस, तुझे कागद तेवढे कमरेला. टाकी आदल्या दिवशी भर, मी लिहिलं होतं ना, मोठ्या रस्त्यावर तुझी गाडी पेट्रोल पिते, बॅटरीच्या भरवशावर राहू नकोस. वाटेत थांबू नकोस, फोन बंद ठेव. आणि अंडंबिंडं विसर. दाब पाय. शून्य गुण पडू देत.

पुढच्या बुधवारपर्यंत आली नाहीस तर मी निघेन.

आत्या


१४ मार्च

आदरणीय आत्याबाई,

नमस्कार. माझं पत्र पाहून आपल्याला नवल वाटेल. पत्नीला घ्यायला काल तिच्या लॅबमध्ये गेलो होतो. तिथल्या मालकीणबाई मोठ्या अगत्यशील. "हिच्या आत्याचं पत्र आलंय," म्हणून त्यांनी ते माझ्याच हाती दिलं. आमच्या पत्रपेटीचं कुलूप उत्तम स्थितीत आहे, हेही यानिमित्ताने कळवतो.

बाकीची पत्रंही तिच्या कामाच्या टेबलात सापडली. आपण दोन गाड्यांची केलेली तुलना वाचली. शैली खुसखुशीत आहे, पण विवेचन ढोबळ. डिकीचं आकारमान न मोजता तिला दिखावा म्हणणं योग्य नाही. मोठ्या रस्त्यावर दोन्ही गाड्यांना सारखंच इंधन लागतं हेही चूक आहे. ताशी ऐंशीच्या स्थिर वेगात आमची गाडी सरस ठरते, मी स्वतः नोंदी ठेवल्या आहेत. ब्रेकविषयीचं निरीक्षण बरोबर. पुरुष ब्रेकवर राग काढतात हे वाक्य विषयाला सोडून आहे. आपल्या अखेरच्या पत्रात तर विषयच सुटला. आपली तिन्ही पत्रं तपासून सोबत परत पाठवत आहे. सरासरी दहापैकी साडेतीन.

पत्नी जिन्यावरून पडली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं आहे. त्यामुळे काही महिने ती लिहू शकणार नाही, आणि लॅबचं कामही मी सोडायला लावलं आहे. आपण काळजी करू नये. आपल्या वयाला प्रवासाची दगदगही झेपायची नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवण्याचं प्रयोजन दिसत नाही.

आपला जावई


१७ मार्च

मास्तर,

गुण मिळाले. लाल शाई चांगली आहे.

तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी तुमच्या फाटकाशी असेन. घरात जिना नाही, मी तुमच्या वास्तूला आले होते. एकमजली घरात माणूस कुठल्या जिन्यावरून पडतो ते समोरासमोर समजावून घेईन.

हिची आत्या


५ एप्रिल

ठमे,

शब्द माझे, अक्षर नर्सबाईंचं. माझं गळ्याचं हाड पट्ट्यांत आहे आणि तीन बरगड्या मोडल्यात. खोकला आला की ब्रह्मांड आठवतं. नर्सबाई म्हणतात, असंच बोलत राहिलीस तर चौथी मी मोडेन.

मला इकडच्या इस्पितळात हलवलं तेव्हा मी शुद्धीवर नव्हते, म्हणून तुझ्याशी बोलणं झालं नाही. मला आठवतंय तेवढं सांगते, तूही लक्षात ठेव. मी गाडी तुमच्या अंगणात घेतली. तो दारात आला, बाह्या दुमडलेल्या. मी म्हटलं, "माझी भाची कुठे आहे?" तो म्हणाला, "वेळेवर आलात, आत्याबाई." खिडकीत तू दिसलीस, हाताला प्लास्टर आणि एक डोळा सुजून बंद. मग मला राहवलं नाही. पहिला फटका मीच मारला, चाकाच्या पान्याने, खोटं कशाला बोलू. त्याच्या कानशिलावर बसला, पण नेम चुकला आणि वयही झालं. त्याने पाना हिसकला आणि माझ्या गळ्याच्या हाडावर घातला. मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. मग केसांना धरून फरफटत नेलं आणि बुटाने. किती लाथा ते माहीत नाही. मी पायरीकडे सरपटत होते एवढं आठवतं. त्यापुढे काही नाही.

इथे हवालदार येऊन गेला. त्याने सांगितलं की तू माझी बेडकी चालवलीस आणि तो भिंत आणि गाडी यांच्यामध्ये सापडला. दोन्ही पाय चिरडले. ऐकून मला आनंद झाला. नर्सबाई हे लिहायला तयार नव्हत्या, मी लिहायला लावलं.

आता मुद्द्याचं. त्याने स्वतःच जबानी दिलीय की गाडी येताना त्याला ऐकू आली नाही. बायको घाबरून गाडी बाजूला घ्यायला गेली आणि अपघात झाला, माझी हाडंही त्यातच मोडली, असं म्हणाला.  मग नर्सबाईंनी तुझ्यासाठी तुमच्याच गावातल्या एक वकीलबाई शोधल्या, त्यांच्याशी बोलले. त्या म्हणाल्या, सोन्याहून पिवळं आहे. या गाड्या हळू चालताना बॅटरीवर चालतात, इंजिन बंद असतं, हे सगळ्या जगाला माहीत आहे. तुमची पांढरी निदान माणसं सावध व्हावीत म्हणून बारीक घूं करते, माझी जुनी बेडकी तेवढंही करत नाही. मांजरीच्या पावलांनी येते. माझ्याच गल्लीत कितीदा कुणी ना कुणी दचकून बाजूला झालंय. वकीलबाई म्हणाल्या, तुमच्या भाचीनेही तेच सांगायचं, त्यांना ऐकू आलं नसेल, मी घाबरले होते. दोन वाक्यं. प्रकरण बंद.

तेव्हा तेवढं सांग, आणि ये. तुझी खोली झाडून ठेवायला सांगितली आहे. तो मुकाट्याने सुटका देतोय तर घे. का देतोय ते विचारत बसू नकोस.

आत्या

(मीही सांगते, ये. या बाईंना एकटीने सांभाळणं माझ्या नोकरीत बसत नाही. शेजारची नर्स.)


११ एप्रिल

आत्या,

अक्षर वेडंवाकडं आहे, प्लास्टरमधून बोटं तेवढी बाहेर आहेत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितेय. या टेबलावर मी पहिल्यांदाच पत्र लिहितेय. मधून मधून दाराकडे बघते, सवय जात नाही.

तू म्हणतेस, का देतोय ते विचारू नकोस. मला विचारावं लागलं नाही, त्यानेच सांगितलं. काल इस्पितळात गेले होते, डॉक्टरांनी सही करायला बोलावलं होतं. खोलीत शाळेतली सहा-सात माणसं. सगळी त्याच्याकडे देवाकडे बघावं तसं बघत होती. चुकून का होईना, बायकोने पाय घालवले आणि माणूस तिच्यावर चिडतसुद्धा नाही. मुख्याध्यापकबाई माझा हात धरून म्हणाल्या, "भाग्यवान आहेस." ती सगळी गेल्यावर त्याने मला जवळ बोलावलं. उशी सारखी कर म्हणाला. मी वाकले तेव्हा हळूच म्हणाला, "बायकोने गाडी घातली असं माझ्या तोंडून कुणाला ऐकू येणार नाही. माझी लाज मी राखली, तुझीही राखली. माझ्या एका वाक्यावर तू बाहेर आहेस, आणि ते वाक्य मी कधीही बदलू शकतो. सोमवारी मला घरी सोडतायत. करायला तू आहेसच." मग माझं प्लास्टरमधलं मनगट धरलं आणि पिळलं. हसत होता. म्हणाला, "पाय गेले. हात शाबूत आहेत."

मी उशी सारखी केली आणि बाहेर आले. 

तुझ्याकडे आले असते. पण ते वाक्य तिथेही माझ्या मागे येईल. त्याने खाकरलं की मला परत यावं लागेल, नाहीतर तो म्हणेल, आता मला सगळं आठवलं. जन्मभर त्याच्या मेहेरबानीवर जगायचं, तेही त्यानेच सांगितलेल्या खोट्यावर. नको.

म्हणून तुला जे आठवत नाही ते सांगते. आधी तुला, मग पोलिसांना.

तू पायरीपाशी पडली होतीस, तोंडातून रक्त येत होतं. त्याने चष्मा काढला, शर्टाने पुसला, परत घातला. खाली पडलेला पाना उचलला आणि तुझ्याकडे निघाला. घाई नाही, वर्गात बाकांमधून चालतो तसा. मी मागच्या दाराने आले होते. तुझ्या गाडीचं दार उघडंच होतं आणि ती चालूच होती, तुला बंद करायला वेळ कुठे मिळाला? मी आत बसले. एका हाताने चाक धरलं. तोवर मला वाटत होतं की नुसतं त्याला थांबवायचं.

त्याला ऐकू आलं नाही हे खोटं आहे. मी हॉर्न दिला होता, आत्या. एकदा नाही, दोनदा, आणि दुसऱ्यांदा दाबूनच धरला. पलीकडच्या घरातल्या बाई गच्चीवर आल्या, त्यांनी पाहिलंय, पण त्यांना कुणी विचारलंच नाही. तो थांबला. वळला. काचेतून थेट माझ्याकडे बघितलं. आणि बोट उचललं, पोरांना गप्प करायला उचलतो तसं. थांब, तुझा नंबर नंतर. मग पाठ फिरवली आणि पाना वर केला.

तेव्हा मी पाय दाबला. घाबरून नाही. चाक वळवलं, तू वाचशील इतकं, आणि तो भिंतीकडे जाईल इतकं. मला सगळं नीट दिसत होतं. आणि तो ओरडायला लागल्यावरही मी पाय लगेच काढला नाही, तेही सांगणार आहे.

वकीलबाईंना फोन केला. खूप रागावल्या. म्हणाल्या, तू वाचवायला केलंस हे कदाचित मानतील, पाय लगेच काढला नाहीस हे मानणार नाहीत, आत जावं लागेल. मी विचारलं, तिथे तो येऊ शकतो का? त्यांनी मी किती वाजता निघणार ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, मी ठाण्याच्या दाराशी थांबते.

मांडीचे फोटो काढून घेतलेत, मालकीणबाईंनी काढले. फार रडत होत्या, पत्र त्याच्या हाती दिलं म्हणून. मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत. मालकीणबाईच पत्र टाकणार आहेत आणि मला सोडायला येणार आहेत. बाहेर त्यांची गाडी उभी आहे.

तू रागावशील ते मला माहीत आहे. खोली झाडून ठेवली आहेस ती तशीच राहू दे. आणि रडू नकोस, बरगड्या दुखतील.

तुझी ठमी